बांबर्गच्या दगडांवर खडखडाट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी हातगाडी आहे. जुनी हे मी स्वतः म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला चालत नाही. चार चाकं, चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा, चारी बाजूंना फळ्या आणि पुढे ओढायला लांब दांडा, असा माझा देह. आमच्या भागात पुष्कळ घरांत अशी एक गाडी असते आणि प्रत्येक घराला आपलीच गाडी चांगली वाटते. आमच्या घराचं म्हणणं तेवढं खरं आहे.

गांगोल्फ आजोबांच्या वडिलांनी मला घडवलं. ते गाड्या बनवणारे सुतार होते आणि बोलायचे फार कमी. मी तयार झाल्यावर त्यांनी मला एक सणसणीत लाथ मारली. मी हलले नाही. तेव्हा ते म्हणाले, "चालेल." आमच्या मुलखात याहून मोठी स्तुती कोणी कोणाची करत नाही.

महायुद्धानंतरच्या हिवाळ्यांत मी कोळसा ओढला, बटाटे ओढले. एकदा पाद्रीबुवांची बाजाची पेटी ओढली. पेटीचा सूर बिघडला, माझा बिघडला नाही. मग गांगोल्फचा मुलगा रुपर्ट माझ्यात बसून लहानाचा मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर त्याने मला तळघरात ठेवून दिलं. मित्रांनो, माणसं अशीच असतात, रागावून उपयोग नसतो. मी कोळ्यांना जागा दिली आणि वाट पाहिली. रुपर्टची मेरले चार वर्षांची झाली, तशी एक दिवस तळघरात आली, माझ्यात चढून बसली आणि उतरायलाच तयार होईना. मी पुन्हा कामाला लागले.

पण घरात नवी गाडी आली होती. दूर उत्तरेकडून लग्न होऊन आलेली रुपर्टची बायको वीप्के, तिने ती आणली होती. निळ्या कापडाची, घडी होणारी, रबरी चाकांची. चालताना तिचा आवाज म्हणून येत नसे. जिला काही सांगायचंच नाही, तिचा आवाज येणार कुठून?

मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी सगळे बांबर्ग शहर बघायला निघाले. निघतानाच वीप्के म्हणाली, "या खटाऱ्याची ही शेवटची फेरी. उद्यापासून अंगणात ठेवू आणि हिच्यात जिरेनियमची फुलझाडं लावू. छान दिसेल."

आमच्याकडे म्हाताऱ्या हातगाड्यांचा शेवट असाच होतो. पोटात माती, डोक्यावर तांबडी फुलं, आणि येणारेजाणारे म्हणतात, किती गोड! मला गोड व्हायचं नव्हतं.

"माझ्या बापाची गाडी आहे ती," आजोबा पुटपुटले.

"म्हणून तर अंगणात ठेवतेय बाबा. नाहीतर शेकोटीत गेली असती."

आम्ही आगगाडीने बांबर्गला पोचलो. निळ्या गाडीत पाव, मुळे, चीज आणि सॉसेज, माझ्यात मेरले. रुपर्टने दिवसाचा कार्यक्रम पक्का केला होता. आधी नदीच्या मधोमध उभं असलेलं जुनं नगरभवन, मग टेकडीवरचं मोठं चर्च, मग गुलाबांची बाग. गुलाब अजून फुलले नव्हते, पण बाग कार्यक्रमात होती, म्हणून बघायची होती. शेवटी दुसऱ्या टेकडीवरचं बीअरचं अंगण. तिथे शिदोरी आपली आणि बीअर त्यांची, अशी रीत आहे. आजोबा सकाळपासून याच शेवटच्या कलमाकडे डोळे लावून बसले होते.

नगरभवन झालं. चर्चच्या चढावर गोल दगडांची फरसबंदी लागली आणि माझ्या लोखंडी धावांना कंठ फुटला. मेरले आनंदाने "आऽऽऽ" करत होती आणि तिचा सूर थरथरत होता. इतक्यात वरची एक खिडकी उघडली. एक म्हातारी बाहेर वाकली.

"आज सुट्टी आहे! सुट्टीच्या दिवशी शांतता असते, ठाऊक नाही? कुठल्या गावचे तुम्ही?"

मित्रांनो, आमच्या देशात सुट्टीच्या दिवशी गवत कापत नाहीत, खिळा ठोकत नाहीत. रुपर्ट लाजून लाल झाला. "माफ करा हं," तो म्हणाला, आणि त्याने जे केलं ते आमच्याच माणसांना सुचू शकतं. त्याने मला उचललं. पुढून तो, मागून आजोबा, आणि आत मेरले. निळी गाडी ओढत वीप्के मागून चालू लागली.

मी चर्च असं पाहिलं. बागही अशीच पाहिली. शहरातले लोक थांबून माझ्याकडे बघत होते. कोणाला वाटलं असेल की मी काहीतरी पवित्र वस्तू आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

"खाली ठेवा ना, लोक हसताहेत," वीप्के म्हणाली.

"ठेवली की वाजते," रुपर्ट धापा टाकत म्हणाला.

"ही चाकांची गाडी आहे की घरातलं कपाट? बस झालं. उद्या सकाळीच माती भरते!"

उतारावर आजोबांचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि मुरगळला. आजोबा मटकन पायरीवर बसले. मी खाली आले, एका चाकावर तोल सावरला आणि मेरलेला सांडलं नाही. हे कोणी पाहिलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

घोटा सुजू लागला. त्या गल्लीत मोटार शिरत नव्हती.

"तुम्ही सगळे जा टेकडीवर. माझी बीअर इथे आणून द्या," आजोबा म्हणाले.

"बाबा, वेडेपणा नको. निळ्या गाडीत बसा." रुपर्टने शिदोरी बाहेर काढली, मग गाडीवरची पट्टी वाचली आणि थबकला. "सत्तर किलोच्या वरचा माणूस बसवू नये असं लिहिलंय."

"माझी एक मांडीच बसव मग," आजोबा म्हणाले.

वीप्केने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर कसलीच पट्टी नव्हती. तिने मेरलेला उतरवलं, आपला कोट घडी करून माझ्या तळाशी घातला आणि म्हणाली, "बाबा, बसा."

आजोबा बसले. मित्रांनो, त्यांचं वजन मला ठाऊक आहे, ते माझ्याजवळच राहील. माझी एक फळी करकरली, पण ती त्यांच्या वडिलांनी बसवलेली होती. ती सुटणार नव्हती.

"उचलायची ना?" रुपर्टने विचारलं.

"उचलायची? रुपर्ट, मागून ढकल!" वीप्केने दांडा धरला आणि आम्ही निघालो. शिदोरी पुन्हा निळ्या गाडीत गेली आणि ती गाडी मेरलेने घेतली. उतारावर, पुलावर, पुन्हा चढावर असा काही खडखडाट झाला की नदीतली बदकं उडाली. एक खिडकी उघडली, मग दुसरी.

"अहो, आज सुट्टी आहे!"

"ठाऊक आहे काकू!" वीप्के वर न बघता ओरडली. "सुट्टी आहे म्हणून तर सासऱ्यांना बीअर प्यायला नेतेय! खिडकी लावून घ्या!"

आजोबा इतके हसले की घोटा विसरले. "सूनबाई, आज तू आमच्या मुलखातली झालीस बघ."

टेकडीवरच्या झाडांखाली एक टेबल मिळालं. आजोबा माझ्यातच बसून जेवले, पाय बाकावर ठेवून. थोड्या वेळाने वीप्के खाली वाकली. तिने माझ्या चाकांमधला कणा चाचपला, धावांवरून बोट फिरवलं.

"वंगण कधी घातलं होतं हिला?" तिने विचारलं.

कोणालाच आठवेना. आजोबांनी ग्लासात बघितलं, रुपर्टने झाडाकडे.

"लाज वाटते का कोणाला?" वीप्के म्हणाली. "उद्या सकाळी माती नाही, वंगण आणायचं. आणि फळ्यांना तेल द्यायचं." मग तिने मला एक लाथ मारली. मी हलले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू कुरकुरत असेल, खडखडत असेल. ती म्हातारी झाली असं लगेच ठरवू नका. आधी तिला तेल घाला, पावसातून आत घ्या, आणि मग तिला काम सांगून पाहा. आम्ही जुन्या गाड्या आहोत. आम्हाला फुलांनी सजवू नका, आमच्यात बसा.