भर उन्हाळ्यातली शेवंती

सभागृहातल्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक जिन्यावर बसले, आणि जिना भरला तेव्हा खिडक्यांतून डोकावू लागले. व्यासपीठावर एकामागून एक माणसं चढत होती. प्रत्येकाच्या हातात कुंडी, आणि कुंडीत फुललेली पिवळीधमक शेवंती. शेवंती थंडीची पाहुणी, हे शाळकरी पोरही सांगेल. इथे पंखे गरगरत होते, लोक रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते, आणि फुलं आपली खुशाल फुलली होती. एकाचा गुडघा बरा झाला होता. एकीच्या मुलीचं लग्न जमलं होतं. एका निवृत्त कारकुनाला वीस वर्षांनी शांत झोप लागू लागली होती, आणि ती तो तिथे बसल्या बसल्याही घेत होता.

मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांना लोक फूलमहाराज म्हणत. कपडे पांढरेशुभ्र, आवाज साखरेत घोळवलेला. "मी काही करत नाही," ते म्हणत. "मी नुसतं रोप देतो. ते फुलवतो तुमचा विश्वास. ज्याचं रोप फुललं, त्याचं दुःख गळालं." एवढं बोलून ते डोळे मिटून घेत, आणि पापणी किंचित उचलून कॅमेरा चालू आहे ना, हेही बघून घेत.

शेवटच्या रांगेत ताई बसली होती. नात्यात आणि शेजारीपाजारी सगळे तिला ताईच म्हणत. वनस्पती संशोधन केंद्रात सत्तावीस वर्षं तिने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: आता फुलायचं, हे झाडाला कळतं कसं? लग्नकार्यात भेटणारी माणसं विचारत, "अजून सापडलं नाही का हो?" आणि ती हसून जेवणाच्या रांगेत पुढे सरकत असे. आज धाकट्या बहिणीने तिला आग्रह करकरून इथे आणलं होतं. तुझ्याच विषयातलं आहे, एकदा बघ तर, असं म्हणाली होती.

आणि मग धाकटीच कुंडी घेऊन व्यासपीठावर चढली. तिने माइक हातात घेतला आणि सांगितलं की तिच्या छातीत गाठ आहे, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, ती तिने रद्द केली, आणि काल रोप फुललं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सख्ख्या बहिणीच्या गाठीची बातमी ताईला तीनशे माणसांबरोबर कळली.

धाकटीच्या घरी आल्यावर तिने काळं कापड आणि महाराजांचा कागद पुढे केला. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ रोप झाकावं, मधे उघडून पाहू नये, आत जराही संशय शिरू देऊ नये, सात आठवडे खंड पडू देऊ नये. ताईने तो दोनदा वाचला. कागद तिचाच होता. केंद्रात प्रयोगातली उरलेली रोपं फेकायची नाहीत अशी जुनी रीत होती. वर्षातून एकदा लोकांना केंद्र बघायला बोलवायचं आणि जाताना रोपं वाटायची. मागच्या वर्षी ताईनेच आपली शेवंती वाटली होती, सोबत निगा कशी राखायची याचा कागद. महाराजांनी त्यातला उजेड काढून तिथे संशय घातला होता. बाकी सगळं जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट.

तिने धाकटीला समजावलं. पान रात्र मोजतं. रात्र लांबली की पानातलं एक जनुक जागं होतं आणि शेंड्याला निरोप जातो, फूल काढ. उन्हाळ्यात रात्र छोटी, म्हणून काळ्या कापडाने ती लांबवायची, की झाड फसतं. ही जात तर ताईनेच घडवलेली, सात आठवड्यांत हमखास फुलणारी. यात ना मंत्र, ना महाराज.

"म्हणजे तुला सत्तावीस वर्षं लागली ते त्यांना एका कापडात जमलं," धाकटी म्हणाली.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, हेच ताईला जास्त लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही महाराजांचं रोप आणलं होतं; ते का फुललं नाही, हे ताईने विचारलं. त्यावर धाकटी म्हणाली, त्यांच्या घरात कुणीतरी संशयी आहे, महाराजांनीच सांगितलं. काकूंनी तेव्हापासून सुनेशी बोलणं टाकलं होतं. ताई खाली जाऊन कुंडी बघून आली. कुंडी खिडकीत होती, कापड विरलेलं, आणि समोर रस्त्यावरचा दिवा. ती परत येऊन सांगू लागली: रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी पानाचं मोजमाप मोडतं आणि पान फुलू नकोस असा निरोप धाडतं. नोकरीच्या सुरुवातीला तिची अख्खी दोन वर्षं अशीच पाण्यात गेली होती. पहारेकरी रोज रात्री अंधाऱ्या खोलीचं दार उघडून, आत कुणी नाही ना, म्हणून विजेरी फिरवून बघायचा. बिचारा इमानेइतबारे नोकरी करत होता.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. "तू नुसतं बोलतेस, ताई. त्यांनी करून दाखवलं. तू करून दाखव, दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाते."

आणि इथे ताईने ती चूक केली, जी फक्त तिच्यासारखीच माणसं करतात. जन्मभर तिला एकच शिकवण मिळाली होती, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. कुणी पुरावा मागितला की तिला बरंच वाटायचं. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, बहिणीला दंडाला धरून ओढत नेलं असतं, मेहुण्याच्या नावाने शंख केला असता. ताईने तीन कुंड्या मांडल्या.

पहिली कुंडी झाकून धाकटी रोज महाराजांनी दिलेला मंत्र म्हणे. दुसरी झाकून ताई तिला केंद्राच्या रजेचे नियम वाचून दाखवी. तिसरीपुढेही धाकटी मनोभावे मंत्र म्हणे, पण त्या कापडाच्या आत एक छोटा दिवा होता, मध्यरात्री आपोआप अर्धा तास लागणारा. असे सात आठवडे. मेहुणा मधूनमधून येऊन कुंड्यांकडे बघायचा आणि निघून जायचा. ताई डॉक्टरांचा विषय काढायची, तेव्हा धाकटी म्हणायची, आपलं ठरलंय ना? ताईला ते पटायचं. प्रयोग मधेच मोडला तर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

सात आठवड्यांनी मंत्राची कुंडी फुलली. रजेच्या नियमांचीही फुलली, उलट एक फूल जास्तच. दिव्याची कुंडी हिरवीगार आणि ठार वांझ. ताईने तिन्ही कुंड्या त्याच सभागृहात नेल्या आणि लोकांना सगळं उलगडून सांगितलं: कापड, पान, रात्र, दिवा, आपला तो कागदही. पुढच्या रांगांतली माणसं उठून तिसऱ्या कुंडीत डोकावू लागली. क्षणभर तिला वाटलं, आपण जिंकलो.

फूलमहाराजांनी हात जोडले. "ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं आहे. आम्ही इतके दिवस जे सांगतोय, त्यावर आज विज्ञानाने शिक्का मारला." टाळ्या पडल्या, आधीपेक्षा मोठ्या. कारकून जागा होऊन टाळ्या वाजवू लागला. बाहेर पडताना एका बाईने ताईला गाठून विचारलं, तुमच्याकडची रोपं मिळतील का, ती जास्त जागृत दिसतात. खालच्या काकू म्हणाल्या, दिव्याचं पटलं हो, पण सुनेचं काही सांगता येत नाही.

पटलं ते फक्त धाकटीला. तिने दिलेला शब्द पाळला आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी नव्या तपासण्या बघितल्या, जुन्या बघितल्या, पुन्हा नव्या बघितल्या. आजार यकृतात उतरला होता. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. औषधांनी थोडे महिने मिळाले तर मिळाले. दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर, असं ताईने विचारलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा काही करण्यासारखं होतं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. धाकटीने ताईच्या पाठीवर हात ठेवला, जणू आजारी ताईच होती.

"तुझं काही चुकलं नाही. मीच पैज लावली होती."

"तू पैज लावलीस. ती घ्यायची नाही, एवढं मला कळायला हवं होतं," ताई म्हणाली.

धाकटी थंडी पडायच्या आत गेली. फूलमहाराजांचं आता मोठं सभागृह आहे. खिडक्यांना जाड पडदे लावलेत, आणि रोपांबरोबर कापडही तेच देतात, चांगलं जाड. नापास होणारी रोपं त्यामुळे कमी झाली आहेत.

ताई निवृत्त झाली. कुणी बोलावलं तर शाळांत, वाचनालयांत जाते. बहुतेक वेळा वीस-पंचवीस माणसं असतात, त्यातली निम्मी उशिरा येतात. शेवंती कशी फुलते, हे ती दहा मिनिटांत सांगून टाकते. त्यात गंमत आहे, लोक हसतात. मग ती बहिणीचं सांगते आणि शेवटी आपलं म्हणणं सांगते, दरवेळी जवळजवळ त्याच शब्दांत.

"चमत्कार दिसला की विचारा, मंत्र काढून घेतला तरी हे होतं का? कापड काढलं तर होतं का? पण ते सवडीने विचारा. कुणी औषध थांबवायला सांगितलं, तर पुरावा मागत बसू नका आणि देतही बसू नका. मी अगदी बिनचूक पुरावा दिला. तो द्यायला सात आठवडे लागले, आणि तेवढे माझ्या बहिणीकडे नव्हते. तुमच्या घरात कुणी असं फुलाची वाट बघत बसलं असेल, तर इथून उठा आणि आजच्या आज त्याला दवाखान्यात न्या. भांडण नंतर करा."