बैलाच्या बोलीवर घेतलेली गाडी

वैशाखरे गावच्या म्हाताऱ्या वाळूने जन्मात चौदा बैल घेतले, पण एकदाही फसला नाही. बैल घ्यायचा तो आठ दिवसांच्या बोलीवर. औताला जुंपायचा, चढावर ओझं ओढायला लावायचं; बसला, तर दावं धरून मालकाच्या दारात परत. कागद नाही, सही नाही. म्हणून त्याच्या सुनेने, संजीवनीने, शहापूरला जुन्या गाड्या विकणाऱ्या शेखरकडून विजेवरची जुनी मालवाहू गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा बोली करायला वाळूच पुढे झाला.

"आठ दिस चालवून बघू. नाय चालली तर परत."

"बघा की बाबा. एका चार्जिंगला दोनशे किलोमीटर!" शेखर हसला. वाळूने टपावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि व्यवहार झाला.

संजीवनीने अंगावरचं सोनं मोडलं होतं. गावच्या बायांची भाजी बाजारात पोचवायची आणि त्यावर घर चालवायचं, असा तिचा बेत. पाचव्या दिवशी भरल्या गाडीने सत्तर किलोमीटरवरच मान टाकली. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन चालत निघाल्या.

वाळूने ट्रॅक्टरला बांधून गाडी शहापूरला नेली.

"बाबा, हा काय बैल हाय?" शेखर म्हणाला. "पावती वाचा. जुना माल परत घेणार नाय."

गाडी तशीच ओढत घरी आली. "वाळूदादाचा बैल बसला रे!" शेजारचा भगीरथ ओरडला. वाळू दोन दिवस अंगणाबाहेर पडला नाही.

"माझी चूक गो पोरी. आता सोडून दे."

"बोली बरोबर होती, बाबा. साक्ष नव्हती. ती गोळा करू."

तिने ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन लावला. जुनी वस्तू घेणाराही ग्राहकच, आणि दोष लपवून विकलं तर पावतीवरच्या ओळीआड लपता येत नाही, हे तिला कळलं. मग तिने सासऱ्याला विचारलं, "बैल कसा पारखता?"

"तेच वजन, तोच चढ, रोज. एका दिसात बैल कळत नाय."

सात दिवस तिने तसंच केलं. भाताची तेवढीच पोती, तोच रस्ता. निघताना आणि थांबल्यावर मीटरचा फोटो. मग सपाट रस्त्यावरही, आणि रिकाम्या गाडीनेही. नंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची तपासणी करून घेतली. तिथल्या नोंदीत निघालं की विकण्याच्या महिनाभर आधी शेखरनेच ती तपासून घेतली होती. बॅटरी निम्म्याहून जास्त गेलेली, हे त्याला ठाऊक होतं.

तिने शेखरला पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आलं नाही. संजीवनी ठाण्याच्या ग्राहक आयोगापुढे वकिलाशिवाय उभी राहिली. वाळू मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"चढाचा रस्ता, त्यात ओझं. बॅटरी उतरणारच," शेखरचा वकील म्हणाला.

"सपाट रस्त्याचे आकडेही दिलेत, साहेब," संजीवनी म्हणाली. "रिकाम्या गाडीचेसुद्धा."

आयोगाच्या सदस्यांनी कागद उलटून शेखरला विचारलं, "हा तपासणी अहवाल तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवला होता?"

"त्यांनी मागितलाच नाय," शेखर म्हणाला. मागच्या बाकावर वाळूने टोपी डोक्यावर चढवली. चौदा बैलांत त्याने कधी इतकी नेटाची पारख केली नव्हती.

निकाल लागायला वर्ष गेलं. किंमत आणि भरपाई देऊन गाडी परत न्यायची, असा हुकूम झाला. शेखर गाडी न्यायला आला, तेव्हा किल्ली वाळूनेच दिली.

"आठ दिसांची बोली व्हती. जरा उशीर झाला, एवढंच."

पुढच्या महिन्यात दोघं दुसरी गाडी बघायला गेले, तेव्हा संजीवनी म्हणाली, "बाबा, बोली करा."

वाळूने विकणाऱ्यासमोर हात पुढे केला. "आधी बॅटरीचा कागद. बोली मग माझी सून करंल."