मानेवरची नस

तिसऱ्यांदा शरदचंद्र पडले ते बेसिनसमोर, दाढी करताना. त्यांची बायको मंदा स्वयंपाकघरातून धावली, तोवर कपाळातून रक्त येत होतं. मिनिटभरात ते शुद्धीवर आले आणि वर म्हणाले, “पाय घसरला.”

मंदाला ते पटलं नाही. आधी भाचीच्या लग्नात गळ्याशी घट्ट कोट घालून ते कोसळले, तेव्हा सगळे म्हणाले, उकाडा. मग भुईगावच्या गल्लीत मागे वळून बघताना स्कूटरवरून पडले, तेव्हा म्हणाले, वय. आता वाडीत केळींना पाणी लावायला गेले तरी ती दर पाच मिनिटांनी हाक मारायची. ओ आली नाही की हातातलं टाकून धावायची.

शेवटी तिने त्यांना वसईत हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर प्रिस्कांनी विचारलं, “काका, पडण्याआधी काय करत होतात?”

“विशेष काही नाही.”

“मानेला काहीतरी लागत होतं,” मंदा मध्येच बोलली. “कॉलर, नाहीतर वस्तरा. स्कूटरवर मान वळवली होती.”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “काकी, मानेतल्या नसेत रक्ताचा दाब ओळखणारी एक जागा असते. दाब वाढला की ती हृदयाला सबुरीने चालायला सांगते. काकांची ती जागा फार हळवी झाली असावी. जरा दाबलं तरी हृदय थबकतं, डोक्याला रक्त पोचत नाही, माणूस पडतो. तपासून बघू.”

छातीला वायरी लावून शरदचंद्रांना झोपवलं. डॉक्टरांनी मानेची दोन्ही अंगं स्टेथोस्कोपने ऐकली, मग उजव्या बाजूला दोन बोटांनी हलकेच चोळलं.

पडद्यावरची उड्या मारणारी रेघ सरळ झाली.

एक. दोन. मंदाने खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी बोटं काढली. चार. पाच. शरदचंद्रांचे डोळे वर गेले. सहा. मग एक उडी, पाठोपाठ दुसरी.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“पेसमेकर बसवावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

“छे! एवढं काय झालंय मला?”

चारचौघांत नवऱ्याला कधी उलटून न बोललेली मंदा उठली. “सहा मोजले मी. तुम्हाला कळलंही नाही. अहो, सातव्यालाही ठोका पडला नसता तर?”

तिचा आवाज फाटला. शरदचंद्रांनी संमतीच्या कागदावर सहीसाठी पेन मागितलं.

गुरुवारी मशीन बसलं. शनिवारी ते वाडीत गेले. मंदाने मनाशी ठरवलं होतं, आज हाक मारायची नाही. दहा मिनिटं ती ओट्याशी उभी राहिली. मग चपला घालून निघालीच.