विमान उतरलं, मोबाईल उडतोय

मला उचलणारा हात कोरडा होता. तिथेच मी ओळखलं, हा हात दुसऱ्याचा, कारण वर्षालीचा तळहात कायम घामेजलेला असतो.

मी एक निळी ट्रॉली बॅग. चाकणच्या एका कंपनीने दिवाळीला प्रत्येकाच्या हातात एकेक बॅग ठेवली, त्यातली मी. माझ्या जुळ्या बहिणी किती, मलाही ठाऊक नाही. त्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा सगळी कंपनीच गावाला निघालीय असं वाटत होतं.

वर्षाली तिथे क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, घरी आलं की स्वतःच्या. आज संध्याकाळी नागपुरात तिच्या थोरल्या बहिणीचा, विजयश्रीचा साखरपुडा. घरचे पुढे गेले होते. चिंचवडच्या टेलरने विजयश्रीचा ब्लाउज कालपर्यंत लटकवला, म्हणून शालू-ब्लाउज माझ्या पोटात घालून ही विमानाने निघाली.

पुणे ते नागपूर हवेतून सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर. विमानाला दीड तास पुरतो. पुनावळ्याच्या घरून विमानतळ गाठायला आम्हाला त्याहून जास्त लागला. माणसं आकाशातला वेळ मोजतात आणि वाकडची कोंडी विसरतात. त्या कोंडीत वर्षाली सारखी माझी चेन उघडून शालू चाचपत होती.

ओळखू यावी म्हणून तिने माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली. नंबर मात्र लिहिला नाही. कुणी उगीच फोन केला तर?

विमानाच्या पोटात मी जीव मुठीत धरून पडले, तर शेजारी माझीच जुळी बहीण. तिलाही लाल चिंधी. फक्त तिच्या अंगावर मार्करने ठळक मोबाईल नंबर लिहिलेला.

नागपूरला पट्ट्यावर आधी मी आले. तिच्या मालकाने चिंधी बघितली आणि मला उचललं. बाकी काही बघायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

तो निघोज्याचा नवनाथ, आमच्याच कंपनीतला फिटर. मशीन बसवायला आलेला, विमानात पहिल्यांदाच बसलेला. हे सगळं त्याने रिक्षात बसल्या बसल्या रिक्षावाल्याला सांगितलं. चिंधीची युक्ती त्याच्या आईची, रुक्मिणीबाईंची.

मी मनाशी म्हणत होते, वर्षाली आता त्या बॅगेवरचा नंबर बघेल, भीत भीत का होईना, फोन लावेल. पण याच्या खिशात काही वाजेना. विमानतळ मागे पडत होता, आणि तिकडे विजयश्री केस बांधून शालूची वाट बघत असणार.

नवनाथने आईला फोन लावला. लागेना. त्याने मोबाईल झटकला, रिक्षाबाहेर धरून पाहिला.

"पोचल्याचा फोन गेल्याबिगर आई जेवायची न्हाई, राव."

रिक्षावाल्याने मागे वळून मोबाईलवर नजर टाकली. "भाऊ, तुमचं विमान उतरलं, पण मोबाईल अजून उडूनच रायला. तो फ्लाइट मोड काढा ना."

नवनाथ ओशाळून हसला आणि त्याने बोट दाबलं.

बाबांनो, चिंधी खुशाल बांधा, पण उतरल्यावर मोबाईललाही जमिनीवर आणत जा. आमच्यासारख्या भित्र्या बॅगांचा जीव जातो.

लगेच फोन वाजला. अनोळखी नंबर. जाहिरातवाले असतील म्हणत त्याने तो कापला. माझी चारही चाकं गार पडली.

पुन्हा वाजला. कंटाळून त्याने कानाला लावला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

पलीकडे वर्षाली नुसतंच "बॅग... ती बॅग..." करत अडखळत होती. मग मीच म्हटलं, मी बोलतेय हो, मी. तुमच्या पायाशी.