बरं दिसत नाही

सोमनाथला माझा पत्ता कोण पुरवतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

कोर्टाने त्याला मनाई केली होती. मी राहते तिथे यायचं नाही, काम करते तिथे यायचं नाही, माझ्या आईच्या घरी यायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडून निरोपही धाडायचा नाही. पुढे घटस्फोट झाला, मनाई तशीच राहिली. माझं डावं मनगट त्याने दोनदा मोडलं होतं, त्यामुळे कोर्टाला फार समजवावं लागलं नाही. समजवावं लागलं ते माझ्याच माणसांना.

आदेश सोमनाथला पक्का कळला होता. म्हणून तर तो आत यायचा नाही, समोर उभा राहायचा. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तेव्हाच्या दवाखान्यासमोर रसवंती होती. तिथे तो ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत बसायचा. मी पोलिसांना फोन करायची, ते यायच्या आत हा पसार. मी दवाखाना बदलला, पंधरवडा गेला नाही तोच हा नव्या दवाखान्याच्या फाटकापाशी हजर. घर बदलून पाथर्डी फाट्याला गेले, तर खालच्या किराणा दुकानात त्याने माझी चौकशी केलेली.

संरक्षण अधिकारी मोहिनीताई म्हणून आहेत. बाई शांत, पण बोलणं मुद्द्याचं. त्यांनी मला शिकवलं, दिसला की फोटो काढायचा, बोलायला जायचं नाही, भांडायलाही जायचं नाही, दार लावायचं आणि ११२ फिरवायचा. फोनचा नंबर बदलायला लावला. शेजारच्या दोन घरांत त्याचा फोटो दाखवून ठेवायला लावला. मग एकदा म्हणाल्या, "हर्षाली, पत्ता कोणाकोणाला माहीत आहे?"

"फक्त घरच्यांना."

"मग घरच्यांना विचार."

मला राग आला होता. माझे घरचे भोळे असतील, पण फितूर नाहीत, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हटलं की आमच्याकडे जावयाचं राज्य. जावई म्हणजे नारायण. त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात अनारसे आणि त्यावर दिवा ठेवून वाण द्यायचं, कपडे करायचे. माझी धाकटी बहीण पूजा गेल्याच वर्षी घोटीला दिली. तिचा नवरा स्वराज साधा मुलगा, भाताच्या गिरणीवर बसतो. त्याचं हे पहिलंच धोंड्याचं जेवण. आईने आठ दिवस आधी अनारशांचे तांदूळ भिजत घातले होते. वडील नाहीत, त्यामुळे यजमानपण मोहाडीच्या कोंडाजीमामांकडे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घोटीकरांना माझ्या घटस्फोटाचं कोणी सांगितलं नव्हतं. 'मोठे जावई पुण्याला असतात' असं आईने सोयरीक जुळताना सांगितलं आणि ते तसंच चाललं होतं. मला ते पटत नव्हतं. पण पूजाचं लग्न माझ्यामुळे अडायला नको, म्हणून मीही मूग गिळून बसले.

सिडकोतलं आईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भर दुपारची वेळ, उन्हाने पत्रे तापलेले, आणि मी आत धोंडे तळत होते. बाहेर स्वराज पाटावर बसला होता. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, खुर्चीत पंख्याखाली. आईने औक्षणाचं ताट हातात घेतलं आणि दारावर टकटक झाली.

मामांनी दार उघडलं. आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी मोकळा, "या, या, सोमनाथराव! या!"

झारा माझ्या हातातून कढईत पडला. उकळतं तेल मनगटावर उडालं ते मला नंतर कळलं.

मामा नीच नाहीत. ते वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, मला त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. दारात जावई दिसला आणि तोंडून 'या' निघून गेलं, इतकंच. बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला, असं आईने नंतर सांगितलं. पण तोवर सोमनाथ पायातले बूट काढून, पेढ्यांचा पुडा विहीणबाईंच्या हातात देऊन, त्यांच्या पाया पडून मोकळा झाला होता.

"पुण्याहून आलात का?" विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

"हो, सकाळीच निघालो," तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला विचार करावा लागत नाही.

मी गॅस बंद केला. स्वयंपाकघराला दुसरं दार नाही. बाहेर जायचं तर त्याच्याच समोरून. मधल्या खोलीला आतून कडी होती. मी पदर सावरून, कोणाकडे न बघता त्या खोलीत गेले आणि कडी लावली. फोन हातात घेतला.

तेवढ्यात पूजा दाराशी आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, काय करतेयस?"

"पोलिसांना बोलावतेय."

"ताई, आज नको गं. सासूबाई बसल्यात. तासाभराचा प्रश्न आहे, जेवेल आणि जाईल. पोलीस आले तर घोटीला माझी काय किंमत राहील?"

पूजा लहानपणी कधीच काही मागायची नाही. माझे जुने फ्रॉक हसत घालायची. तिचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि खरं सांगते, माझं बोट थांबलं. तासाभराचा तर प्रश्न आहे, असं मीही मनाशी म्हटलं. बाहेर ताटं मांडल्याचा आवाज आला. आईने त्याच्यासाठीही पाट मांडला. एका जावयाला पाट आणि दुसरा उभा, असं विहीणबाईंसमोर कसं करणार?

मग पूजा वाढायला स्वयंपाकघरात गेली आणि दारापाशी तो आला. हात धुवायच्या निमित्ताने. तो दारावर थाप मारत नाही, नखाने टकटक करतो. आम्ही एकत्र राहायचो तेव्हाही तसंच करायचा.

"हर्षू," तो दाराला तोंड लावून म्हणाला, "किती घरं बदलशील? पाथर्डी फाट्यालाच बरं आहे की. तिसरा मजला, वारा येत असेल. गॅलरीत तुळस लावलीस, छान केलंस."

किराणा दुकानदाराला माझा मजला माहीत नव्हता.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात? तुमच्या 'मोहाडीकर मंडळी'वर फोटो आहेत सगळे. आजचं आमंत्रणही त्यातच होतं. मी बोलावल्याशिवाय कुठे जात नाही."

'मोहाडीकर मंडळी' हा आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मामा त्याचे ॲडमिन. मी नंबर बदलला तेव्हा त्यातून बाहेर पडले, आणि 'नवा नंबर कोणाला देऊ नका' असं मीच सांगितल्यामुळे मला परत कोणी घेतलं नाही. सोमनाथ मात्र लग्नापासून त्यात होता तो आजवर होता. मला बाहेर ठेवून माझ्या घरच्यांनी त्याला आत ठेवला होता.

मी ११२ फिरवला.

पलीकडच्या माणसाने विचारलं, "तो आपला कोण लागतो?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "कोर्टाने मनाई केलेला माणूस आहे. आदेश मोडून घरात शिरलाय. मी खोलीत कडी लावून बसलेय."

माझा आवाज बाहेर गेला असणार. कारण बाहेर ताटांचा आवाज एकदम थांबला, आणि मग सोमनाथचाच आवाज आला, "वाढा हो आई, धोंडे गार होतील."

आणि आईने वाढलं. माझ्या आईने त्याच्या ताटात तूप वाढलं. दाराच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता, तूप ताटाबाहेर सांडत होतं, पण तो वाढत होता. त्या क्षणी मला तिची दया आली की चीड, हे मला अजूनही सांगता येत नाही. दोन्ही आलं.

पोलीस आले तेव्हा तो निम्मा जेवला होता. एक पोक्त हवालदार आणि एक तरुण लेडी कॉन्स्टेबल. ताट, रांगोळी, समई, दोन पाटांवर दोन जावई. हवालदार दारातच घुटमळले.

मामा हात जोडून पुढे झाले. "साहेब, एवढं जेवण होऊ द्या. ताटावरून उठवता का माणसाला? धोंड्याचं जेवण हाय, जावई माणूस. लय वाईट दिसतं ते."

आणि हवालदार खरंच थांबले. म्हणाले, "बरं, आटपा." त्यांच्याही घरी जावई असेल.

मी कडी काढून बाहेर आले. सगळ्यांदेखत. पिशवीतून आदेशाची प्रत काढून त्या कॉन्स्टेबलच्या हातात दिली आणि म्हटलं, "उठवा त्याला. तो जावई नाही. आमचा घटस्फोट झालाय. माझं मनगट याने मोडलंय, दोनदा. पुण्याला वगैरे काही नसतो तो."

पूजाने तोंडावर पदर घेतला. विहीणबाईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

कॉन्स्टेबल मुलीने उभ्या उभ्या कागद वाचला. सोमनाथ घास चावत म्हणाला, "मॅडम, मला यांनीच बोलावलंय. विचारा मामांना."

"बोलावलं यांनी," ती म्हणाली, "मनाई कोर्टाची आहे. उठा."

तो उठला. हात धुतले, आईला म्हणाला, "पुरण छान झालंय," आणि बूट घालून त्यांच्याबरोबर गेला. पाटासमोर अर्धं ताट राहिलं. मामा ते बघत उभे होते, कोणीतरी गेल्यासारखे.

विहीणबाईंनी पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला. मग आईला एवढंच म्हणाल्या, "आम्हाला सांगायचं होतंत हो." त्या चिडल्या नव्हत्या. पण वाण न घेता निघाल्या, आणि पूजा रडत त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी मामांचा फोन मागितला. ग्रुप उघडला आणि वर वर सरकवत गेले. नव्या घरात आई दूध उतू घालवते तो फोटो, मागे गॅलरीत तुळस, आणि खाली फाटकावरची बिल्डिंगच्या नावाची पाटी सरळ वाचता येईल अशी. खाली मामांचं, 'चि. हर्षालीच्या नव्या घरी, तिसरा मजला.' नव्या दवाखान्यात मी पांढऱ्या कोटात. 'अभिनंदन हर्षाली.' आणि त्याखाली सोमनाथचा अंगठा. वर्षभर तो अंगठा सगळ्यांना दिसत होता.

"याला काढलं का नाही मामा?"

"आता जावयाला ग्रुपमधनं कसं काढायचं गं?" मामा अगदी कळवळून म्हणाले. "काढलं की सगळ्यांना दिसतं, कोणी काढलं ते. बरं दिसत नाय."

"मी मेलेली बरी दिसले असते का?"

त्यांनी फोन घेतला. अंगठा दोनदा पुढे नेला, दोनदा मागे घेतला, तिसऱ्यांदा दाबला. मग खुर्चीत बसून धोतराने डोळे पुसले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आठवडा व्हायच्या आत सोमनाथ जामिनावर सुटला. त्यानंतर एका सकाळी पूजाचा फोन आला. त्या दिवसानंतरचा पहिलाच.

"ताई, तुला एक सांगायचंय. मामांनी त्याला ग्रुपवर परत घेतलंय. भागीमावशीने विचारलं, जावईबापूंना का काढलं म्हणून. तर मामांनी लिहिलं, चुकून दाबलं गेलं, क्षमस्व." मग म्हणाली, "मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेय. स्वराजही पडला. सासूबाई म्हणाल्या, ताईंना आधी कळव."

मी भिंतीला टेकून खाली बसले. पूजा घोटीला नीट नांदत होती, हे एक सुख. बाकी मामांवर ओरडायची ताकद मला उरली नव्हती. ओरडून ते पुन्हा काढतील, पुन्हा कोणी विचारेल, पुन्हा ते माफी मागतील. त्यांचा स्वभाव बदलेपर्यंत मी जिवंत राहायला हवी ना. मोहिनीताईंना मी त्याच दिवशी फोन केला आणि म्हटलं, तुमचं बरोबर होतं.

महिना संपायच्या आत मी घर बदललं. कुठे, ते इथेही लिहीत नाही. टेम्पो ओळखीचा सांगितला नाही, सामान एका फेरीत बसेल एवढंच नेलं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

"लागलं का घर? कुठे घेतलंस?"

काय बोलायचं ते मी दिवसभर घोकत होते आणि आता एक शब्द आठवेना.

मग आई म्हणाली, "थांब. नको सांगूस. मला नकोच सांगूस, हर्षाली. माणूस दारात आला की मी आधी पाणी विचारते गं. तो कोण, ते नंतर सुचतं मला. मी तुझा पत्ता सांगून बसेन."

"आई..."

"तूच येत जा मला भेटायला. येताना कळवू नकोस, एकदम ये."

तिने फोन ठेवला. मी उठून दार लागलंय का बघितलं आणि तिथेच, दाराशी बसून, लहान पोरीसारखी रडले.