साबेराच्या हातची गाठ

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. सोनपेठच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर, गोदावरीपासून कोसभर आत आमचं गाव आहे. तिथे गफार पिंजाऱ्याच्या घरात, माळवदाच्या आडव्या लाकडाला मी टांगलेला आहे. दोन वर्षं होऊन गेली, माझ्यात कुणी झोपत नाही. तरी मला कुणी खालीही उतरवत नाही. असं का, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मला चंद्रभान सुतारानं घडवलं. सागवान त्याला परवडणारं नव्हतं, म्हणून लाकूड कडुनिंबाचं घेतलं. वर म्हणाला, "बरंच झालं, लेकराला किडामुंगी लागायची न्हाई." त्याच्या लेकीची मुलं जगत नव्हती. माझ्यात झोपलेलं तिचं पहिलं लेकरू जगलं, चालू लागलं, तेव्हा त्यानं मला गावाला देऊन टाकलं. ज्या घरी लेकरू, त्या घरी पाळणा.

तेव्हापासून बायकांनी माझा एक नियम पाळला. ज्या आईनं माझा दोर वर बांधला, तिनंच तो आपल्या हातानं सोडायचा. लेकरू चालू लागलं की ती दोर सोडायची, माझ्यात ओंजळभर ज्वारी टाकायची आणि पुढच्या घरी पोहोचवायची. दुसऱ्या कुणी दोर सोडला तर मायलेकरांची ताटातूट होते, असं त्या मानत. खरं की खोटं, मला माहीत नाही. पण दोर सोडणाऱ्या कितीतरी आयांचे हात मी पाहिले आहेत. गाठ सुटली तरी दोर त्यांच्या हातातून लवकर सुटायचा नाही.

पाळण्याला झोप नसते, मित्रांनो. लेकरू झोपलं की आई झोपते, मी जागाच. श्वास नीट चाललाय ना, अंग तापलेलं तर नाही ना, दोरावरून मुंग्या तर उतरत नाहीत ना, हे मी बघत राहायचो. थोडं काही वेगळं वाटलं की माझ्या कड्या कुरकुरायच्या आणि आई उठून बसायची. लोक म्हणायचे, याच्या कड्यांना तेल घाला. आया मात्र घालू द्यायच्या नाहीत.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या साली कडूबाई आमच्या गावात आली. तिच्या गावात तिचं घर जाळलं होतं. एक मुलगा बोटाला, एक पोटात, अंगावर एकच लुगडं. ती आणि तिचा नवरा गायरानाच्या कडेला कुडाचं खोपट घालून राहिले. तिचे दिवस भरले, तेव्हा दगडाबाई सुईणीनं मला डोक्यावर घेतलं आणि सरळ गायरानाची वाट धरली.

वाटेत एका बाईनं हटकलं, "दगडाबाई, तिथं नेलेला पाळणा आमच्या घरी परत कसा यायचा?"

"नगा येऊ देऊ," दगडाबाई न थांबता म्हणाली. "तुमची लेकरं सुपात निजवा."

त्यानंतर काही मोठ्या घरांनी मला बोलावणं सोडलं. पोलीस पाटील दिनकररावांच्या घरी सोनपेठहून लोखंडी पाळणा आला. लाकूड तेच होतं, दोर तोच होता, माझ्यातली ऊबही तीच होती. मला फार वाईट वाटलं. पण कडूबाईचा मुलगा माझ्यात गाढ झोपायचा. घर जळताना आईच्या पोटात किती घाबरला असेल, असं मला वाटायचं.

तीन-चार वर्षांनी जैतुनबी गावात आली. ती इथलीच लेक. निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर काही वर्षांनी लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर कराचीला गेली होती. नवरा वारला, तशी ती लेकीला, साबेराला घेऊन भावाकडे आली. इथे राहायची परवानगी थोड्याच महिन्यांची होती. ते महिने सरले. भाऊ म्हणाला, राहा. गावानं जा म्हटलं नाही, आणि तिच्याही तोंडून जाते असं निघालं नाही. दिनकरराव एवढंच म्हणायचे, "मला कुणी इचारलं, तर मी खोटं बोलणार न्हाई. कुणी इचारत न्हाई, ते बरं हाय."

जैतुनबी इथेच मातीत गेली. साबेरा इथेच वाढली. शेतात निंदायला गेली, कडूबाईच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, गावची बोली बोलू लागली. गफारशी तिचं लग्न झालं. गफार कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. त्यांची लेक मलिका जन्मली तेव्हा मी त्यांच्या घरी आलो. गफारनं माझ्यासाठी हातभर गादी भरली. तशी मऊ गादी मला आधी कधी मिळाली नव्हती.

साबेरा डावरी होती. तिनं लाकडावर चढून माझा दोर बांधला, तो डाव्या हातानं. दगडाबाईनं खालून बघितलं आणि हसत सुटली.

"अगं बये, ही तर उलटी गाठ! आमच्या कुणाच्या बापाला सुटायची न्हाई."

"मलाच सोडायची हाय ना, दगडामाय? मंग तुमाला कशाची फिकर?"

दिवसभर बाहेर गफारच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणटण आवाज चालायचा आणि त्या आवाजात मलिका झोपायची. धनुकली थांबली की जागी व्हायची. साबेरा उठायची, मलिकाच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची, मग माझ्याकडे बघून हसायची. आम्ही दोघंही सारखेच भित्रे, हे तिला ठाऊक असावं.

पुढे जे झालं, ते कुणाच्या दुष्टाव्यानं झालं नाही, मित्रांनो. ते कडूबाईच्या आनंदातून झालं.

त्या सुमारास सरकार गायरानावरची जुनी अतिक्रमणं कायम करणार, अशी बातमी आली. कडूबाई पळतच गफारच्या घरी आली. तिला दम लागला होता.

"साबेरा, सरकार माफी करायलंय! जे जुने बसलेत, ज्यायनी कबूल केलं, त्यायला पक्कं करायलेत. आमचं गायरान नावावर होतंय!"

"लय चांगलं झालं, मावशी."

"अगं, माझं सोड. जमिनीवर बसलेल्याला माफी हाय, तर माणसाला न्हाई का? तू तर हितल्या लेकीची लेक. चल माझ्यासंगं कचेरीत. आपल्या तोंडानं सांगू. लपून किती दिस राहशील?"

गफारला ते पटेना. "कुणी इचारलं का? मंग कशाला जायचं?"

साबेरानं माझा दोर धरला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मलिका साळंत जाईल, तवा इचारतील, आईचं गाव कोणतं. तिनं काय सांगायचं? माझ्यासारखं तिनंबी खाली मान घालायची का?"

कडूबाई, साबेरा आणि गफार तालुक्याला गेले. काय झालं ते परतल्यावर घरात बोलले, तेव्हा मला कळलं. टेबलामागचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. कडूबाईचं काम समजून घेतलं. मग साबेराचं ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, जमिनीचं वेगळं असतं आणि माणसाचं वेगळं. ही माफी तुमच्यासाठी नाही. पण तुम्ही आता सांगितलंत, ते मला वर कळवावं लागेल." कडूबाई म्हणाली, आमी सांगितलंच न्हाई असं समजा. पण कचेरीत बोललेलं परत घेता येत नाही.

कडूबाईची जमीन पक्की होण्याच्या वाटेला लागली. साबेराला देश सोडण्याचा हुकूम आला.

त्या संध्याकाळी गफारच्या ओट्यावर गाव जमलं. साबेरा आत, माझ्याजवळ उभी होती. बाहेरचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता.

दिनकरराव म्हणाले, "मी कोरड्या मनानं बोलत न्हाई. पण देशाची हद्द म्हंजे काय शेताचा धुरा हाय का, येता जाता सरकवायला?"

"धुऱ्याचं तुमी नगा बोलू, पाटील," दगडाबाई म्हणाली. "तुमच्या नांगरानं किती धुरे खाल्ले, ते गावाला ठावं हाय."

सगळे हसले. दिनकररावही ओशाळून हसले. मला वाटलं, चला, आता कडवटपणा गेला. पण किराणा दुकानवाला लिंबाजी हसला नाही.

"दगडामावशी, हसायचं सोडा. जे अर्ज करतात, वर्षानुवर्षं वाट बघतात, मंगच येतात, ते काय येडे हाईत? हिला तसंच ठिवलं तर त्यायला काय सांगायचं? आन् उद्या कुणी वाईट मतलबानं आला, तर त्याला कोणत्या तोंडानं अडवायचं?"

लिंबाजीचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग कडूबाई उठली. "मी आले तवा मला कुणी कागद मागितला व्हता? माझं घर पेटलं व्हतं, हे बघून तुमी मला टेकू दिलं. सगळ्यायनी न्हाई, पर दिलं. ही तर अकरा वर्सांची पोर, आईचं बोट धरून आली. तिनं कोणता गुन्हा केला?"

"गुन्हा न्हाई," दिनकरराव म्हणाले. "पर नियम हाय. साबेरा, ऐकती का? तू जा, तिकडून रीतसर अर्ज कर, बायको म्हणून परत ये. थोड्या महिन्यांचा सवाल हाय. मी सवता वेशीवर हलगी लावून तुला आणतो."

साबेरा दारात आली. "आन् माझी लेक?"

लेक हिंदुस्थानची. तिचा कागद वेगळा, आईचा वेगळा. लेकीचा परदेशी जायचा कागद करायला वेळ हवा होता, आणि हुकुमात तेवढा वेळ नव्हता. दिनकररावांनी पटक्याचं टोक हातात घेतलं आणि ते बोटाला गुंडाळत, सोडत राहिले.

जायच्या दिवशी सकाळी साबेरानं मलिकाला पोटभर पाजलं. ती झोपल्यावर तिला माझ्यात ठेवलं. मग तिनं वर बघितलं. गावाचा नियम तिला माहीत होता. मागून दुसऱ्या कुणी सोडू नये, म्हणून घर सोडून चाललेल्या आईनं दोर सोडायला हवा होता. ती चढली, डावा हात गाठीपाशी नेला. मी म्हणत होतो, नको, नको. पण माझं बोलणं म्हणजे नुसती कुरकुर.

तिनं गाठ सोडली नाही. उलट आणखी एक ओढ देऊन पक्की केली आणि खाली उतरली.

"आल्यावर सोडीन," ती गफारला म्हणाली. "कुणाला हात लावू देऊ नका."

दिनकरराव दाराबाहेर थांबले होते. तिला एस.टी.पर्यंत पोहोचवायचं काम त्यांच्याकडेच होतं. कडूबाई बरोबर गेली. परत आल्यावर तिनं इथेच घरात दगडाबाईला सांगितलं, गाडीत चढताना साबेराची चोळी दुधानं भिजली होती, आणि ते दिसू नये म्हणून ती पदर सारखा पुढे ओढत होती. दगडाबाईनं ऐकलं आणि चुलीपुढे जाऊन बसली.

आई निघाली तेव्हा मलिका झोपलेलीच होती. गफारनं घाबरून धनुकली हातात घेतली आणि पिंजायला कापूस नसताना नुसतीच वाजवत राहिला. थांबला असता, तर ती जागी झाली असती.

थोडे महिने गेले. अर्ज गेला, असं कळलं. विचार चालू आहे, असं कळलं. मग एका हिवाळ्यात देशात सगळीकडेच वातावरण बिघडलं. दोन देशांतलं येणं-जाणं अवघड झालं. त्यानंतर काही कळलं नाही. मलिका रांगली, उभी राहिली, चालू लागली. लेकरू चालू लागलं की मी दुसऱ्या घरी जायचो. या खेपेला गेलो नाही.

दिनकरराव अधूनमधून येतात. आत येत नाहीत, चौकटीपाशी उभे राहतात.

"काही कळलं का, गफार?"

"न्हाई, पाटील."

"मी म्हणालो ते चूक नव्हतं..." असं म्हणून ते थांबतात. त्यांची नजर माझ्याकडे जाते. वाक्य पुरं न करता ते निघून जातात.

यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या पाटीवर नवं नाव लागलं. कडूबाईनं घरोघर साखर वाटली. गफारच्या दारी ती सगळ्यांत शेवटी आली. तिचा मोठा मुलगा, जो तिच्या बोटाला धरून आला होता, त्याची बायको आता दिवसांत होती.

गफारला ते माहीत होतं. तो म्हणाला, "कडूमावशी, पाळणा न्या. रिकामा टांगून मी काय करू? थांबा, दोर कापून देतो." त्यानं गादीची शिवण उसवायचा चाकू काढला आणि लाकडावर चढला.

"उतर खाली."

"मावशी, नेम हाय मला ठावं. पर किती दिस..."

"उतर म्हणते ना!" कडूबाईचा आवाज चिरकला. "माझ्या नावावर जमीन झाली, गफार. तुझ्या बायकूला कचेरीत मी नेलं. आता तिची गाठबी मीच कापून न्यायची? माझं नातवंड झोळीत झोपंल. त्याला काही व्हत न्हाई."

गफार खाली उतरला. चाकू हातात घेऊन उभाच राहिला. कडूबाईनं साखरेचा पुडा जमिनीवर ठेवला, मलिकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. तिच्या घरी आता लुगड्याची झोळी टांगली आहे.

मलिकाला आई आठवत नाही. पण ती रोज माझ्यात आपली चिंधीची बाहुली निजवते आणि झोका देते. डाव्या हातानं. तिला कुणी तसं शिकवलेलं नाही.

मित्रांनो, कुणाला आत घ्यावं आणि कुणाला परत पाठवावं, हे मोठी माणसं ठरवतात. ठरवावंही लागत असेल. लाकडाला त्यातलं किती कळणार? एवढंच सांगतो, की ठरवायला बसाल तेव्हा ओट्यावर बसू नका. आत या. घरात काय टांगलेलं आहे ते एकदा बघा, आणि मग बोला.

आणि माझ्यासाठी एक मागणं आहे. साबेराची गाठ अजून पक्की आहे, पण गाठीखालचा दोर विरत चालला आहे. एकेक पीळ तुटतो, तो मला रोज जाणवतो. दोर आधी तुटेल की ती आधी येईल, हीच मला रात्रंदिवस काळजी. म्हणून कधी या घरी आलात, तर गंमत म्हणून मला झोका देऊ नका. प्रत्येक झोक्यानं दोर झिजतो.

मलिकाला मात्र कुणीच नाही म्हणत नाही. मीसुद्धा नाही.