बंदुकीच्या कपाटाची चावी

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. उंचीने तुमच्याएवढं, वजनाने तुमच्या अख्ख्या बाकाएवढं! पण माझ्या पोटात कपडे नाहीत की खाऊ नाही. माझ्या पोटात बंदूक आहे.

माझा जन्म एका कायद्यामुळे झाला. घरातली बंदूक कुलपातच ठेवायची, असा नियम निघाला आणि कारखान्यात आमची भराभर भावंडं तयार झाली. मला एका सोनाराने घरी आणलं. त्याच्या दुकानावर दरोडा पडला होता, तेव्हापासून तो बंदूक बाळगून होता.

"दरोडेखोर काय कायदा वाचून येतात? हे धूड माझ्याच डोक्यावर कशाला?" मला भिंतीला ठोकून घेताना तो कुरकुरला.

"दादा, दरोडेखोरांचं राहू दे," त्याची बहीण म्हणाली. ती इस्पितळात परिचारिका. "आमच्याकडे गोळी लागलेले येतात ना, त्यांतल्या कितीतरी जणांना घरच्याच बंदुकीची लागलेली असते."

हा वाद रोज जेवताना व्हायचा. भाजी निवायची, वाद काही निवायचा नाही.

नियमाप्रमाणे चावी परवानाधारकाकडेच हवी. पण आमचा सोनार म्हणजे डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस! त्याने दोनदा चावी हरवली, तेव्हा बहिणीने ती सरळ आपल्या जुडग्यात अडकवली.

मग शेजारच्या शिंप्याशी कुंपणावरून भांडण पेटलं. एका दुपारी शिंप्याने सोनाराच्या मेलेल्या वडिलांचा उद्धार केला. सोनार तरातरा आत आला. माझं दार ओढलं, लाथा घातल्या, पहार घातली. माझा पत्रा चेपला, कुलूप हललं नाही. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"चावी घेऊन ये. आत्ता!"

तिचा आवाज मलाही ऐकू आला. "ड्युटीवर आहे मी. संध्याकाळी येते. आधी पाणी पी, दादा."

तो मला पाठ टेकून खाली बसला. खिडकीतून शिंप्याच्या मशीनची खडखड येत होती. शिंपी जिवंत होता!

संध्याकाळी सोनार म्हणाला, "बघ, मला कायद्याने नाही अडवलं. तू अडवलंस."

"मी तर कायदा मोडत होते रे! आणि हे कपाट कुणामुळे आलं घरात?"

त्या रात्रीही भाजी निवली.

परवा तपासणीला पोलीस ठाण्यातले साहेब आले. चावी बहिणीकडे पाहून त्यांनी झापलं. त्यांचंही चूक नव्हतं. आता चावी सोनाराच्या खिशात असते आणि नेमकी आता ती हरवत नाही. कुंपणाचं भांडण तर मिटलेलंच नाही. बाहेर आवाज चढला की माझ्या बिजागऱ्या गार पडतात.

मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका. पण तेवढ्याने भागणार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कपाट असेल, तर आज जेवताना विचारा, चावी कुणाकडे असते? आणि तो माणूस रागावला की कुणाकडे द्यायची? मोठे म्हणतील, लहान तोंडी मोठा घास. म्हणू देत. तुम्ही विचाराच.